गाण्याआधीचे दहा सेकंद

बाबांचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक आवडीच्या गाण्यांची यादी आणायचं, बाबा ती गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवायचे आणि एक प्रत स्वतःकडे ठेवायचे. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला दहा सेकंद स्वतः बोलायचे : कॅसेट कुणासाठी, गाणी किती. "जेवण वाढणारासुद्धा दोन शब्द बोलतो," म्हणायचे.

मग इंटरनेटवरून गाणी फुकट उतरवता येऊ लागली. आमच्या घरात ती पहिल्यांदा मीच उतरवली, बाबांच्या नाकावर टिच्चून. दोन वर्षं माशा मारून त्यांनी शटर ओढलं. रागावले मात्र नाहीत. "मला जे गाणं मिळवायला चार दिवस लागतात, ते तुझ्याकडे चार मिनिटांत येतं. गिऱ्हाइकाचं काय चुकलं?"

त्यांच्याकडच्या प्रती मी कॉम्प्युटरवर चढवल्या. प्रत्येकीचे पहिले दहा सेकंद कापले, कारण मला नुसती गाणी हवी होती. बाबा शेजारी बसून गाण्यांची नावं सांगत होते. मी कापत असताना पाहायचे आणि पुढचं नाव सांगायचे. कॅसेटी भंगारात गेल्या.

त्यांना जाऊन दीड महिना झाला. माझ्याकडे अकराशे गाणी आहेत, त्यांचा आवाज एकाही ठिकाणी नाही. फोनवरही ते फक्त मिसकॉल द्यायचे.

आठवतील त्या जुन्या गिऱ्हाइकांना मी विचारत सुटले. कॅसेट एकट्या टेलरकाकांकडे निघाली.

"मुलाने मला ते ॲप टाकून दिलंय," पॅन्टची शिवण मारता मारता काका म्हणाले. "त्यात जगातली सगळी गाणी आहेत म्हणे. त्यामुळे काय लावावं तेच सुचत नाही. त्यापेक्षा आपली ही एकोणीस बरी."

"काका, दोन दिवसांसाठी नेऊ का?"

"नाही, बाई. नेलेली वस्तू परत येते होय? इथेच बसून ऐक."

त्यांनी टेप लावला. खरखर झाली, मग आवाज आला : "टेलरसाहेब, एकोणीस गाणी भरली आहेत. यादीतलं विसावं बसत नव्हतं. अर्धवट टाकण्यापेक्षा गाळलं. माफी असावी."

गाणं सुरू झालं.

"हाच ना?" काकांनी विचारलं.

मला सांगता येईना. आवाज पातळ होता, घाईतला, तिशीतल्या माणसाचा. माझे बाबा जड आवाजात, शब्द शोधत बोलायचे. मी त्या आवाजासाठी आले होते आणि तो कधी कुणी भरूनच ठेवला नव्हता.

"पुन्हा लावता?"

त्यांनी लावला. मग न विचारता आणखी एकदा लावला. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं, 'माफी'च्या आधी तो माणूस किंचित अडखळत होता. घरी आईपुढे चूक कबूल करताना बाबा असेच अडखळायचे.

मी रेकॉर्ड करायला पर्समधून फोन काढला. काकांनी मशीनवरचा पाय उचलला आणि टेप मागे घेतला.