काटा थांबला होता

आमची लीना दहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. लहानपणी पोलिओ होऊन तिचा डावा पाय बारीक राहिला होता आणि गुडघा वाकून आखडायला लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पायामागे पट्टी बांधून गुडघा सतत ताणून ठेवायचा. दिवसरात्र, एक क्षणही सैल सोडायचा नाही. वाढीची दोन वर्षं एवढं सांभाळलं तर पाय सरळ होईल. पण ती लोखंडी पट्टी इतकी जड होती की पोरगी दोन पावलांत रडकुंडीला येई.

आमचे हे, मार्तंडराव, नगरला छावणीजवळच्या एका कारखान्यात तपासणीच्या कामावर होते. एकाहत्तर साली त्यांचे मावसभाऊ शामकांत विलायतेहून आले. ते विमानाच्या कारखान्यात होते. लीनासाठी त्यांनी तीन काळ्या पट्ट्या आणल्या होत्या. कार्बनच्या तंतूंच्या, राळेत बसवलेल्या. हातात घेतली तर मोरपीस वाटावं.

"काका, हिने मी पळू पण शकेन?" लीनानं विचारलं.

"आधी तुझे बाबा हिला पळवतील," शामकांत भावजी हसून म्हणाले.

ते खरंच होतं, पारखल्याशिवाय हे ती पायाला लावू देणार नव्हते. हे म्हणाले, "तंतू काही हलत नाहीत. पण त्यांना धरून ठेवणारी राळ असते ना, ती फार संथ. भार सारखा राहिला की ती केसाकेसानं सरकते. आज कळत नाही, महिन्यानं कळतं. तीच बघायचीय."

आमच्या दोन खोल्यांत ऊन न लागणारी, कुणाचा धक्का न लागणारी एकच जागा, देवाचा कोपरा. भिंतीतल्या चापात ह्यांनी पट्टीचं एक टोक आवळलं, दुसऱ्या टोकाला आठ किलोचं वजन टांगलं, टोकाशी काटा चिकटवला आणि मागे चौकटींचा कागद लावला. रोज संध्याकाळी सहाला कागदावर ठिपका. मला बजावलं, "पट्टीला आणि काट्याला हात लावायचा नाही."

दूध घालायला येणारी बनुबाई ते बघून दारातच थबकली. "वहिनी, ह्ये काय वो? देवाला फाशी देता का काय?"

"लीनाच्या पायासाठी आहे गं."

"मंग देवानं थोडं सोसावं. पन दिसतंय लई वंगाळ!"

ती हसत गेली, पण माझ्या मनात ते राहिलं. आषाढी एकादशीपासून मी गोपद्मांचं व्रत धरलं होतं, लीनाच्या पायासाठीच. देवापुढे रोज तेहतीस गोपद्मं, म्हणजे गाईची पावलं, रांगोळीनं काढायची, पूजा, मग कहाणी. आणि नेमकं त्या रांगोळीवर लोखंड लोंबकळायचं. ह्यांना विचारावं असं आलं मनात. पण हे रागावतील, टांगलेलं सगळं काढावं लागेल, असं वाटून गप्प बसले. हे साडेसहाला सायकल काढून गेले की मी वजन अलगद उतरवून पाटावर ठेवी. नैवेद्य झाला की पुन्हा टांगी. सोमवारी उपास सुटेपर्यंत आणि एकादशीला दिवसभर उतरवून ठेवी, पण हे यायच्या आत लावीच. रविवारी हे घरी असत, म्हणून पहाटेच, हे उठायच्या आत, वजन उतरवून पूजा उरकून घेई. पट्टीला मी कधी हात लावला नाही. काट्यालाही नाही.

वजन उतरलं की काटा थोडा वर येई. मला वाटे, देव हात देतोय.

कार्तिकात ह्यांनी मला कागद दाखवला. पहिल्या महिन्यात ठिपके खाली उतरले होते, मग उतार कमी कमी होत गेला. "बघ, काटा थांबला. आता घाबरायचं कारण नाही." ते इतके खुश मी क्वचितच पाहिले. मी देवापुढे साखर ठेवली.

उरलेल्या दोन पट्ट्यांची जोडी लीनाच्या पायाला बसली. ती शाळेत चालत जाऊ लागली. दारात उभी राहून बनुबाईला म्हणायची, "मावशी, शर्यत लावता का?" पायही सरळ दिसत होता. पट्टी इतकी हळू वाकत होती आणि तिच्याबरोबर गुडघा इतका हळू वाकत होता, की रोज बघणाऱ्या आम्हाला दिसलंच नाही. पुढच्या दिवाळीला शामकांत भावजी आले. लीना समोरून चालत आली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

डॉक्टर म्हणाले, सांधा आखडला, आता ताणून उपयोग नाही. वर्ष वाया गेलं.

त्यानंतर हे रोज तो कागद पुढे घेऊन बसत. "चार महिने भार होता. एक दिवस काढला नाही. मग चुकलं कुठे माझं?" कधी म्हणत, "मीच पोरीला पांगळं केलं."

मी तीन आठवडे ऐकत राहिले. रोज जप करत होते आणि रोज गप्प राहत होते. शेवटी एका रविवारी दुपारी लीनाचे केस विंचरता विंचरता माझा हात थांबला. तिथूनच म्हणाले, "अहो, भार काढला होता. मी काढत होते."

ह्यांनी मान वर केली. मी सगळं सांगितलं.

"रोज?"

"रोज."

"किती वेळ?"

"सातपासून अकरा, बारापर्यंत. सोमवारी, एकादशीला चार वाजेपर्यंत."

ते रागावले नाहीत. पेन्सिल घेतली आणि एकेका ठिपक्याखाली तास लिहायला लागले. "एकादशी कितीला होती?" असं शांतपणे विचारत गेले, मी सांगत गेले. मधेच म्हणाले, "रोज विसावा मिळत होता पट्टीला, पायावर असतो तसा सतत भार नव्हताच. म्हणून थांबल्यासारखी दिसली." आणि थोड्या वेळानं, खाली बघत, "मला एकदा विचारायचंस गं. मी दुसरी जागा शोधली असती."

एवढंच.

लीना माझ्याकडे पाठ करूनच बसली होती. "आई, मी बघायचे तू काढताना," ती म्हणाली. "मला वाटलं बाबांना माहीत आहे."

माझ्या हातात तिची अर्धी वेणी होती. ती पुरी करायला मला फार वेळ लागला.