जाऊ का?

विटांचा ट्रक फाटकापाशी पोचला, तेव्हा पुढच्या शेताचा मिशीवाला मालक आमच्यासमोर शांतपणे कडी घालत होता.

"गाडी नाही जायची," तो म्हणाला. "शेत माझं आहे."

"अहो, पण मागचा तुकडा मी घेतलाय ना!" आत्या म्हणाली. "तिथे जायची वाट हीच आहे."

"तुकडा तुमचा. वाट माझी."

आत्याचा चेहरा पडला. जन्मभर नर्स म्हणून राबली ती. निवृत्तीनंतर तिला एवढंच हवं होतं : एकही पायरी नसलेलं बैठं घर. थोरल्या आत्याचे पाय गेले, तेव्हापासून ती तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत अडकली आहे. जिन्याला वळणं इतकी की व्हीलचेअर उतरत नाही. खिडकीतून दिसतं ते तिचं जग. आत्याने तिला शब्द दिला होता, "ताई, तुला मातीवर आणून बसवते की नाही बघ!"

आणि आम्ही काही डोळे मिटून जमीन घेतली नव्हती. वकिलाला दाखवलं, मालकी स्वच्छ निघाली. विहिरीचं पाणी चाखलं. मातीसुद्धा मुठीत घेऊन बघितली, जसं काही आम्हाला त्यातलं कळतंच! वाटेचं मात्र कुणीच विचारलं नाही, कारण त्याच वाटेने तर आम्ही आलो होतो. दलाल स्वतः खाली उतरून फाटक उघडत होता, "या, या" म्हणत होता. आपल्या वाटेवर दुसऱ्याचं फाटक कशाला असेल, हा साधा प्रश्न माझ्या शिकलेल्या डोक्यात आला नाही. आजही त्या दलालाची आठवण आली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

"विकताना तुमच्या भावाने दलालाकरवी हीच वाट दाखवली," मी म्हणाले. चोर चोर मावसभाऊ म्हणतात. जमीन विकणारा आणि हा तर चुलतभाऊ होते.

"दाखवली असेल. दिली का?" मिशीवाला हसला. मग आत्याकडे वळून म्हणाला, "बाई, जमीन बघायला आलात तेव्हा मी इथेच उभा होतो. तुम्ही मला काय विचारलंत? 'जाऊ का?' हक्काची वाट असती, तर विचारलं असतंत?"

आत्याने विचारलं होतं खरं. तिची सवयच ती. रुग्णाच्या खोलीत शिरताना दारावर टकटक आणि "येऊ का?" बेशुद्ध माणसालाही ती विचारायची. त्या विचारण्याचाच या माणसाने फास केला होता!

"पायी जा ना खुशाल," तो पुढे म्हणाला. "नाहीतर निम्म्या भावात मलाच देऊन टाका. आधीच्या दोघांनी तेच केलं."

आधीचे दोघे! म्हणजे हा यांचा धंदाच होता. एक विकणार, दुसरा कडी घालणार आणि तोच तुकडा फिरून घरात.

"आत्या, आपण भांडू," मी म्हणाले. "वाट मागायचा हक्क असतो. वर्षं लागतील, पण मिळेल."

"वर्षं माझ्याकडे असतील गं," ती म्हणाली. "ताईकडे आहेत का?"

ट्रकवाला हॉर्न वाजवू लागला.

"इथेच उतरवा विटा," आत्या त्याला म्हणाली.

"इथे? रस्त्याकडेला?"

"हो. इथेच."

विटांचा ढीग पडला. आत्याने पदर खोचला, कडी काढली आणि फाटक ढकललं. मग परत येऊन दोन्ही हातांत एकेक वीट घेतली. मिशीवाला वाटेच्या मधोमध उभा होता. ती काही विचारील म्हणून तो थांबला असावा.

तिने काही विचारलं नाही. ती सरळ चालत आली, तेव्हा त्यालाच बाजूला व्हावं लागलं.

मीही दोन विटा उचलून तिच्यामागे निघाले. उभ्या जन्मात तिने दार कधी आपटलं नव्हतं की उघडं टाकलं नव्हतं. ते फाटक मात्र तिने मागे सताड उघडं ठेवलं.