पिसांची माशी

हिंजवडीच्या साहेब लोकांची तऱ्हाच न्यारी. थंडीत भल्या पहाटे उठून मुळशी धरणावर यायचं, कोंबड्याच्या पिसांची माशी करून गळाच्या दोरीला बांधायची, महाशीर मासा धरायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. अरे, खायचा नाही तर धरायचा कशाला? पण सावळाला त्याचं काही नव्हतं. घरच्या शेळ्या आईच्या हवाली करून तो या मंडळींना होडीतून हिंडवायचा.

गेल्या मार्गशीर्षात त्याचा धाकटा भाऊ अमोल याच पाण्यात बुडून गेला. आपणहून पोहायला उतरला, असं सावळानंच सगळ्यांना सांगितलं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या जांभळीवर बसून नुसता मान वाकडी करून बघत राहिला. आई, बायजा, म्हणाली, बहिणीचं लग्न थाटात लावू. मामा म्हणाले, तुझी गाडी विकणार नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी जेवायला उठली. पोराच्या मनात काय राहिलं, कुणाला कळलं नाही. सावळाला कळलं होतं, पण तो मूग गिळून बसला.

तेव्हापासून मासा सोडायला त्यानं पाण्यात हात घातला, की खालून कुणीतरी बोटं धरायचं. घट्ट नाही, जत्रेत लहान पोर धरतं तशी. सावळा घाबरून हात काढायचा. होडीचं काम सोडावं असं शंभरदा मनात आलं. पण एखाद्या दिवशी ती बोटं आलीच नाहीत तर, ही भीती त्याहून मोठी होती.

त्या सकाळी होडीत गेल्या वर्षीचेच स्वानंद साहेब होते. पाण्यावर धुकं होतं. त्यांची माशी बुडालेल्या झाडाच्या फांदीत अडकली. जागा तीच. गेल्या वर्षी साहेब काठावर चहा पीत होते, तेव्हा अशीच अडकलेली माशी काढायला सावळानं अमोलला उतरवलं होतं. साहेबांनी सांगितलंही नव्हतं. साहेब खूश होतील, पुन्हा बोलावतील, एवढीच हाव.

सावळा सदरा काढायला लागला. साहेबांनी एक हिसका देऊन बघितला, खिशातून कात्री काढली आणि दोरी कापून टाकली. अहो राहू द्या, म्हणाले, दर खेपेला अशा दोन-चार जातातच. आणि डबी उघडून दुसरी माशी निवडायला लागले.

सावळानं होडी काठाला लावली आणि तडक घर गाठलं. साहेब मागून हाका मारत राहिले.

बायजा अंगणात करडाला बाटलीनं दूध पाजत होती. सावळा उभ्या उभ्याच बोलला.

"आई, अमोल आपनहून न्हाई उतरला. म्या उतरिवला. सायबाची माशी काढाया."

बायजाचा हात थांबला. "त्यो नको म्हनला व्हता का?"

खोटं बोलायला अजून जागा होती. आईनं ते मानलंही असतं.

"व्हय. पानी लई गार हाय म्हनला. म्या म्हनलं, भितूस व्हय रं?"

करडू दुधासाठी तिच्या हाताला ढुशा देत होतं. तिनं त्याला बाजूला सारलं.

"वरीसभर म्या त्यालाच शिव्या घातल्या, सावळा," ती म्हणाली. "अक्कल न्हाई म्हनून, आईचा इचार केला न्हाई म्हनून. मेलेल्या लेकराला."