हिरवा उजेड विझेना

तिसऱ्यांदा प्रयोग फसला तेव्हा रचनाने हातमोजे काढून टेबलावर आपटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढून थेट पाचूबंदरचा मासळीचा धक्का गाठला.

नायगावच्या फ्लॅटातून रोज विरारच्या कॉलेजात येऊन ती पीएचडी करत होती. विषय साधा होता: जेलीफिश डसली की माणसाचं हृदय बेताल का होतं? हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे स्नायूच्या पेशीत कॅल्शियमची एक भरती आणि एक ओहोटी. भरतीला स्नायू आवळतो, ओहोटीला सैल पडतो. विष या भरती-ओहोटीतच कुठेतरी लुडबुड करत असणार, असा अंदाज होता. पण रचनाने काढलेलं विष पेशींवर टाकलं की काहीच घडत नसे. पेशी आपल्या मजेत धडधडत राहायच्या.

धक्क्यावर पुतळाबाई मासळीचे वाटे मांडत बसली होती. वर्षभर ती जाळ्यात आलेल्या जेलीफिश रचनासाठी बाजूला काढून ठेवायची. त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी जाळं ओढताना तिच्या मुलाच्या, जितेशच्या दंडाला जेलीफिशचे धागे लपेटले होते. नाडी अशी उधळली की दोन दिवस त्याला दवाखान्यात मशीन लावून ठेवलं होतं. तो वाचला, पण नेमकं काय झालं होतं ते पुतळाबाईला कुणी सांगितलं नव्हतं.

“मावशी, विष मेलेलंच निघतं,” रचना म्हणाली. “कुठे चुकतंय कळत नाही.”

“नेतेस कशी?”

“पिशवीत बर्फ घालते. कॉलेजात पोचले की नळाखाली धुते, आणि मग...”

पुतळाबाईचा हात थांबला. “नळाखाली? गोड्या पान्यात?”

“हो.”

“अगं बाय, झार, ती तुझी जेलीफिश, डसली की आमी गोडं पानी लावतच नाय. खारंच लावतो. गोडं लागलं की आनखी आग उठते, उरलंसुरलं इख सुटतं. तू तर समदं इख मोरीत सोडलंस.”

गोड्या पाण्याने जेलीफिशच्या डंखपेशी फुटतात, हे रचनाने स्वतःच्याच प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात लिहिलं होतं. पिशवीतला वितळणारा बर्फ म्हणजे गोडं पाणीच, हे मात्र एकदाही डोक्यात आलं नव्हतं. तिला स्वतःचं हसू आलं.

“परवा मीच आनते,” पुतळाबाई म्हणाली. “तुझ्या हाती देत नाय.”

ठरल्या दिवशी खरंच ती रिक्षाने विरारला आली. मांडीवर झाकणाची बादली, बादलीत समुद्राचं पाणी, त्यात बर्फाच्या बंद बाटल्या आणि दोन जेलीफिश. धागे चार दिवस थंड खाऱ्या पाण्यात ठेवायचे होते, म्हणजे डंखपेशी न फुटता सुट्या होतात आणि मग त्यांतून विष काढता येतं. पाचव्या दिवशी पुतळाबाई न बोलावता पुन्हा हजर झाली.

प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळा कागद लावला होता. रचनाच्या मार्गदर्शक मनोरमा मॅडम खुर्ची ओढून सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यासमोर बसल्या. विष पेशीच्या आवरणाला भोक पाडतं आणि बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

पडद्यावर हिरवे ठिपके लुकलुकत होते, सगळे एका तालात.

“हे कुनाचं काळीज?” पुतळाबाईने विचारलं.

“कोंबडीच्या अंड्यातल्या पिलाचं. त्याच्या पेशी आहेत. त्यांत एक रंग भरलाय, कॅल्शियम वाढलं की त्याचा हिरवा उजेड पडतो.”

रचनाने विषाचा थेंब सोडला. लुकलुक वाढली, ताल तुटला, आणि मग हिरवा उजेड पेटला तो विझेचना. भरती आली होती, ओहोटी लागत नव्हती. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी घडलं होतं.

“बाहेरून घुसतंय,” मॅडम म्हणाल्या. “मी म्हटलं होतं.”

“मग बाहेरचं काढूनच टाकू.”

दुसऱ्या डिशमधल्या द्रावणात तिने कॅल्शियम ठेवलंच नाही. पेशींची धडधड थांबली, पडदा काळा पडला. रचनाने थेंब सोडला आणि मनात आकडे मोजू लागली. अठराला एक फिकट ठिपका दिसला. तिसाला पडदा हिरवा झाला होता.

पुतळाबाई म्हणाली, “बाहेर नाय, तर आलं कुठून?”

“आतून, मावशी.” रचनाला शब्द आवरेनात. “पेशीत कॅल्शियमची एक टाकी असते. ठोक्यापुरता तिचा कॉक उघडतो आणि बंद होतो. हे विष तो कॉक उघडाच ठेवतंय.”

“तसं वाटतंय,” मॅडम म्हणाल्या. “वाटणं पुरत नाही. तो कॉक आधी बंद कर, मग विष घाल.”

टाकीचा कॉक बंद करणारं औषध फ्रीजमध्ये होतं. रचनाने ते तिसऱ्या, तशाच बिनकॅल्शियमच्या डिशमध्ये घातलं, थांबली, मग विष सोडलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. पडदा काळाच राहिला.

मॅडम उठल्या आणि त्यांनी स्वतः हातमोजे चढवले. “आता अशाच सहा नव्या डिश, विष सगळ्यांत. औषध कशात आहे ते मी ठरवणार, तुला सांगणार नाही. तू फक्त बघून सांगायचंस.”

रचना सांगत गेली: उजेड, काळोख, काळोख, उजेड, काळोख, उजेड. मॅडमनी हातातला कागद तिच्यापुढे धरला. काळोखाच्या तिन्ही डिशमध्येच औषध होतं; सहाच्या सहा उत्तरं बरोबर होती. रचनाने पुतळाबाईला मिठीच मारली.

“माझा अंदाज चुकला,” मॅडम म्हणाल्या, आणि त्या चक्क खूश दिसत होत्या. त्यांनी वही उघडली. “बाई, तुमचं पूर्ण नाव सांगा. खाऱ्या पाण्याची गोष्ट तुमची आहे, तुमच्या नावानेच लिहिणार.”

पुतळाबाईने नाव सांगितलं आणि रचनाकडे वळली. “मंग आता औषध निघल?”

“एवढ्यात नाही, मावशी. हे कोंबडीच्या पेशीत दिसलं, माणसाच्या पेशीत दिसायचंय. वर्षं लागतील. पण कुठे बघायचं ते आज कळलं.”

पुतळाबाईने फोन काढून जितेशला लावला.

“ऐक,” ती म्हणाली, “उद्या जाळ्यात झार गावली तर फेकू नको. हात नको लावू, चिमट्याने उचल. आन् बादलीत खारं पानी भरून ठेव.”