पडद्यावरचा घोट

आकाराम पैलवानाला उभ्या आयुष्यात दोनच गोष्टींचा नाद होता, तांबड्या मातीचा आणि स्वतःच्या नावाचा. चाळिशीला गुडघ्यानं दगा दिला आणि माती सुटली. नावाचा नाद मात्र सुटला नाही, आणि पुढं जे काही वाटोळं झालं ते त्या नादापायीच झालं.

कुंडलच्या अलीकडच्या एका गावात त्याची तालीम होती. लग्न केलेलं नव्हतं. झोपायचा तालमीत आणि दोन वेळा जेवायला जायचा भावाच्या घरी. भाऊ जोतीराम पलटणीत होता, तो एकाहत्तरच्या लढाईत कामी आला. मागं राहिली बायको विजयमाला आणि पोरगा सिद्धू. जोतीरामाचं शेवटचं पत्र पोस्टमननं आकारामाला तीन वेळा वाचून दाखवलं होतं आणि ते त्याला तोंडपाठ झालं होतं. त्यात लिहिलं होतं, पोराला माझ्यासारखा करू नकोस, तुझ्यासारखा कर.

आकारामानं ते मनावर घेतलं. पहाटे चारला पोराला उठवायचं, हजार बैठका, पाचशे जोर, मग माती. एकोणिसाव्या वर्षी सिद्धू असा भरला की गावचा शिंपी त्याचा सदरा शिवताना दरवर्षी कुरकुरायचा. पंच्याहत्तर साल होतं. येत्या हंगामात कुंडलच्या मैदानात सिद्धूची पहिली मोठी कुस्ती लावायची, असं आकारामानं ठरवलं होतं. ती मारली की भावाचं देणं फिटलं, असा त्याचा हिशेब होता.

अशात सांगलीचा एक शेठ जीप घेऊन तालमीच्या दारात आला. त्याच्या कारखान्यात 'गजबल टॉनिक' तयार व्हायचं. बाटलीवर द्राक्षांचा घोस, त्याखाली 'शक्तिवर्धक' अशी ठळक अक्षरं. दारूची जाहिरात करायला सरकारची बंदी होती, औषधाला नव्हती, तेव्हा दारूनं औषधाचा सदरा घातलेला. अर्धी बाटली पोटात गेली की माणूस शक्ती सोडून बाकी सगळं दाखवायचा. आकारामाला हे ठाऊक नव्हतं असं म्हणणं म्हणजे त्याला फारच भोळा ठरवणं. बूच उघडल्याबरोबर त्याला वास आला होता. पण शेठ म्हणाला, पैलवान, तुमच्यासारखं शरीर जिल्ह्यात नाही, तुम्हाला पडद्यावर आणायचं आहे. बदल्यात तालमीच्या पोरांच्या दुधासाठी एक दुभती म्हैस देतो, असंही म्हणाला. आकारामानं म्हशीसाठी होकार दिला असं गावात सांगितलं. म्हैस नसती दिली तरी तो गेलाच असता.

कोल्हापुरात दोन दिवस चित्रीकरण चाललं. डोक्याला फेटा, खांद्यावर गदा, हातात चांदीचा पेला. पेल्यात जांभळाचं सरबत होतं. ते घटाघटा प्यायचं, मिशी पुसायची आणि म्हणायचं, "आमच्या ताकदीचं गुपित!" त्या लोकांनी अकरा वेळा तेच करून घेतलं. पहिल्या वेळी तो लाजला, अकराव्या वेळी त्याला गोडी लागली होती.

मुंबई-पुण्याकडं तेव्हा टीव्ही आला होता म्हणतात. आमच्याकडं नानासोचा तंबू होता. पावसाळा सरला की पलूसच्या माळावर तो उभा राहायचा आणि पंचक्रोशी बैलगाड्या जुंपून सिनेमाला लोटायची. मध्यंतरात आकारामाची जाहिरात लागली की शिट्ट्यांनी कनात हलायची. वीस वर्षांच्या कुस्त्यांत मिळाल्या नव्हत्या तेवढ्या टाळ्या त्याला एका घोटावर मिळत होत्या. तो दर दोन दिवसांनी जायचा, शाल पांघरून मागं बसायचा आणि सिनेमा बघायला आलोय असं दाखवायचा. मध्यंतर संपलं की हळूच उठून घरी यायचा, हे नानासोला कळत होतं, पण तो शहाणा माणूस, काही बोलायचा नाही.

एकदा गल्लीतल्या बायकांबरोबर विजयमालाही जाऊन आली. दुसऱ्या दिवशी ताट वाढताना तिनं एवढंच म्हटलं, की भाऊजींच्या तोंडावर लई तेज दिसत होतं. आकाराम त्या दिवशी एक भाकरी जास्त जेवला.

दोन महिने असे मजेत गेले. मग एका सकाळी तालमीतल्या मातीच्या हौद्यात तो सिद्धूला ढाक हा डाव कसा मारायचा ते दाखवत होता. पोराची मान त्यानं काखेत धरली तेव्हा पोरगं पाच मिनिटांतच तोंड उघडून धापा टाकायला लागलं. असं कधी व्हायचं नाही. आणि त्या श्वासाला वास होता. आकारामाचे हात जागच्या जागी सैल पडले.

"कुटं पिलास?" त्यानं विचारलं.

सिद्धू लाजला नाही की घाबरला नाही. त्याला प्रश्नाचंच नवल वाटलं. "आई देतीया की दुधातनं. दोन म्हैनं झालं. तुमी घेताय त्येच."

आकारामानं त्याला बाजूला बसवलं आणि सगळं सांगितलं. पेल्यात सरबत होतं, आपण त्या बाटलीला तोंडही लावलेलं नाही, आपली ताकद दुधातुपाची आणि मेहनतीची. सिद्धू खाली मान घालून ऐकत होता आणि गालातल्या गालात हसत होता. वस्ताद लोक एखादा डाव शेवटपर्यंत शिष्यापासून राखून ठेवतात, हे तालमीत वाढलेल्या कुठल्याही पोराला माहीत असतं. चुलत्यानं राखून ठेवलेला डाव तेवढा आपल्या हाती लागला, असं त्याला वाटत होतं.

"तात्या, म्या सवता बघितलंय," तो शेवटी म्हणाला. "समद्या गावानं बघितलंय. आता न्हाई म्हणून कसं चालंल?"

आकाराम तसाच मातीनं माखलेल्या अंगानं घरी गेला. विजयमाला चुलीपुढं भाकरी थापत होती. दीर आणि भावजय एकमेकांशी तसं कामापुरतंच बोलायचे, पण त्या दिवशी त्यानं उंबऱ्यातूनच सांगून टाकलं, "वैनी, त्या बाटलीत दारू हाय."

तिचा थापणारा हात थांबला. "आवं, पर तुमी..."

"म्या पिलो न्हाई. पडद्यावर कोन खरं पीत न्हाई, वैनी."

तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं ती उलटली नाही. मग हळूहळू सगळं तिच्या तोंडून बाहेर आलं. भाऊजी लग्न न करता पोरासाठी झिजतात, तेव्हा आपणही काही करावं असं तिला वाटलं होतं. एसटीच्या कंडक्टरला सांगून ती सांगलीहून बाटल्या आणवायची. निजायच्या आधी दुधाच्या तांब्यात दोन बुचं ओतायची, पुढं पुढं चार. एक दिवस चुकवला नव्हता. भाऊजी तालमीत पितच असतील, मग विचारायचं काय, असं तिनं धरलं होतं. बोलून झाल्यावर तिनं फडताळातली बाटली आणली आणि परसात उकिरड्यावर पालथी केली. "माज्या हातानं," एवढंच ती दोनदा म्हणाली. आकारामाला तिच्याकडं बघवेना. चूक तिची नव्हती, आणि ज्याची होती तो तिच्यासमोर उभा होता.

आईनं द्यायचं थांबवलं तरी पोराचं थांबलं नाही. पलूसच्या स्टँडवर पानाच्या टपरीतही ती बाटली आता मिळायला लागली होती. आकारामानं एके दिवशी तालमीतल्या पोरांच्या ट्रंका उघडायला लावल्या. चौदा पोरांपैकी नऊ जणांच्या ट्रंकेत लंगोटाखाली गजबल निघालं. त्यानं वेत काढला, बाटल्या फोडल्या. पोरांनी मुकाट्यानं मार खाल्ला, पण त्यांच्या नजरेत राग नव्हता, एक ओळखीचं हसू होतं. स्वतः पितो आणि आम्हाला मारतो, असं ते हसू होतं.

तो सांगलीला शेठकडं गेला. शेठनं गादीवर बसवून घेतलं, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, की तुमची फिल्म साताऱ्यात, कऱ्हाडात, शिराळ्याच्या जत्रेत चालू आहे, आता कुठं कुठं थांबवणार? आणि कशाला? लोकांना तुमचं तोंड आवडतंय. आकाराम उठायला लागला तशी शेठनं आणखी एक चौकशी केली. पुतण्या तुमच्यापेक्षा देखणा आहे म्हणे? आकाराम एसटीत बसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की गेली वीस वर्षं ज्या माणसाला कुणी रस्त्यात अडवलं नव्हतं, त्याला आज एका माणसानं बसल्या जागेवरून चीत केलं होतं.

मग त्यानं एक वेडेपणा केला. रविवारी तंबू गच्च भरलेला असताना मध्यंतरात तो उठला आणि थेट पडद्यापुढं जाऊन उभा राहिला. त्याच्या अंगावरच त्याचं चित्र पडलं. मागं दहा फुटी आकाराम पेला तोंडाला लावत होता आणि पुढं साडेपाच फुटी आकाराम हात जोडत होता.

"म्या ह्ये पीत न्हाई," तो ओरडून म्हणाला. "ही दारू हाय. कुनी पिऊ नगा. पोराबाळास्नी देऊ नगा."

मग पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, वस्ताद, बाटली आणलीया का, आणि सगळा तंबू हसला, शिट्ट्या झाल्या, काही पोरांनी फेटे उडवले. लोकांना वाटलं, कंपनीनं खुद्द पैलवानाला पाठवलाय, जाहिरातीचाच हा नवा खेळ आहे. नानासोनं त्याला दंडाला धरून बाजूला नेलं आणि पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी पलूसच्या टपरीवर दुपारच्या आतच बाटल्या संपल्या.

कुंडलचं मैदान आलं. आकारामानं सिद्धूला महिनाभर डोळ्यांआड होऊ दिलं नव्हतं. रात्री त्याच्याच अंथरुणाशेजारी स्वतःचं अंथरूण टाकायचा. तरी मैदानाच्या सकाळी पोरगं परसाकडं जाऊन येतो म्हणून गेलं ते अर्ध्या तासानं आलं. हलगी वाजत होती, माणसं डोंगरावर मुंग्यांसारखी बसली होती. जोड लागली. समोरच्या पोराचा वस्ताद होता शिराळ्याचा केरबा. आकारामाशी तो एकेकाळी तीनदा लढलेला. सलामीला पोरं जवळ आली तसा केरबा मध्ये शिरला, त्यानं सिद्धूच्या तोंडाशी तोंड नेलं आणि आकारामाला बाजूला घेतलं.

"आकाराम, पोरगं पिऊन आलंय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "नेतोस, का म्या पंचास्नी सांगू?"

आकारामानं सिद्धूच्या खांद्यावर सदरा टाकला आणि त्याला घेऊन तो मैदानातून बाहेर पडला. पोराचा गुडघा दुखतोय असं पंचांना सांगितलं. वीस हजार माणसांतून चालताना त्यानं मान वर केली नाही. जोतीरामाचं पत्र त्याला शब्दन्‌शब्द आठवत होतं, आणि पोरगं खरोखरच आपल्यासारखं झालंय, हेही त्याला कळून चुकलं होतं.

त्यानंतर सिद्धूनं तालीम सोडली. दिवसभर स्टँडवर असायचा. अंगातली रग गेली होती, पण खांदे अजून तसेच होते, आणि कॅमेऱ्याला खांदे पुरतात. उन्हाळ्याच्या तोंडाला शेठची जीप आली ती तालमीच्या दारात नाही, घराच्या दारात. आकाराम दारात आडवा उभा राहिला, म्हणाला, जाऊ नगंस. सिद्धूनं त्याला दुखवलं नाही, मोठ्या माणसाला हळूच बाजूला सारावं तसं सारलं आणि जीपमध्ये बसला. तुमीच गेला हुतासा की, तात्या, एवढंच म्हणाला.

तंबू उठायच्या आधीच्या आठवड्यात ती नवी जाहिरात लागली. शेजारणी विजयमालाला ओढून घेऊन गेल्या, पोराला बघायला चल म्हणून. आकाराम कनातीपाशी उभा होता. पडद्यावर सिद्धू आला. तोच फेटा, तीच गदा, आणि लोकांनी शिट्ट्यांनी तंबू डोक्यावर घेतला. सिद्धूनं पेला तोंडाला लावला. आकारामाचं लक्ष त्याच्या गळ्याकडं होतं. सरबत पिताना गळा असा आवळत नाही. घोट खाली गेल्यावर डोळे बारीक होत नाहीत, आणि खांद्याला तो एवढासा शहारा येत नाही. साऱ्या तंबूत हे दिसलेला तो एकटाच होता, असं त्याला वाटलं.

बायकांच्या बाजूनं विजयमाला उठून आली. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला होता. भर तंबूत ती दिराजवळ येऊन थांबली, असं तिनं आजवर कधी केलं नव्हतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "पडद्यावर कोन खरं पीत न्हाई, तुमीच म्हणला हुता. व्हय न्हवं?"

आकारामानं पडद्याकडं बघितलं. सिद्धू मिशी पुसत होता. तीही तिकडंच बघत होती, आणि उत्तर मिळेपर्यंत जागची हलणार नव्हती.

"व्हय, वैनी," तो म्हणाला. "कोन पीत न्हाई."

तिनं मान हलवली. मग शेजारणींकडं परत न जाता ती कनात उचलून बाहेर पडली आणि एकटीच घराच्या वाटेला लागली.