जास्तीचं लुगडं

शेलार गावच्या करिष्माने राग वर्षभर लोणच्यासारखा झाकण लावून मुरवला होता.

गेल्या शिमग्यात गावकीचा पुढारी केसरीनाथ याने तिचं सोंग काढलं. एका पोराला तिच्यासारखा ड्रेस घालून, ती कामाला जाते त्या गोदामात शिफ्टच्या नावाखाली काय धंदे करते याचं गाणं गावभर नाचवलं. सगळं धादांत खोटं. आठ दिवसांत अंबाडी गावच्या नवऱ्याकडच्यांनी तिचं ठरलेलं लग्न मोडलं. आई रडत केसरीनाथच्या दारात गेली, तर तो हसून म्हणाला, "शिमग्यात बोललेलं मनावर घ्यायचं न्हाय, वयनी." गावाने माना डोलावल्या.

यंदा होळीच्या आधी करिष्मा मुखवटे करणाऱ्या तुळशीरामआजाकडे गेली. "आजा, ही सोंगांची रीत आली कुठनं?"

"खोताच्या काळातनं," आजा म्हणाला. "वर्सभर त्याच्यापुढं मान वर करायची सोय नव्हती. म्हणून एक दिवस तोंड झाकायचं नि त्याचं सोंग काढायचं. त्यानं गुमान ऐकायचं. चिडला तं होळी पेटवायचा मान गेला. पण सोंग गरिबानं मोठ्याचं काढायचं, पोरी. मोठाच गरिबाचं काढतो, तो कसला शिमगा?"

तिने मुखवटा मागितला. कोणासाठी, ते आजाने विचारलं नाही.

होळीच्या संध्याकाळी माळावर मुखवटे लावून लुगडी नेसलेले बाप्ये नाचत होते. त्यांत एक लुगडं जास्तीचं होतं. बाईने सोंगात उतरायचं नाही, हा नियम. त्यामुळे लुगड्यात खरीच बाई असेल असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. आवाजाचीही पंचाईत नव्हती, सगळे बायकी आवाजातच गात होते.

ते लुगडं होळी पेटवायला पलिता घेऊन उभ्या असलेल्या केसरीनाथसमोर थांबलं आणि त्याच्यासारखंच पोट पुढे काढून गाऊ लागलं:

"होळीचा माळ इकला गो बाय,
गोदामवाल्याला इकला गो बाय!"

गावाने विश्वासाने त्याच्या नावावर ठेवलेला माळ. करिष्माच्याच गोदामात, साहेबाच्या केबिनमध्ये चहा पीत त्याने सौदा केला, तेव्हा ती बाहेरच्या टेबलाशी बसून ऐकत होती.

ढोल थांबला.

"कोण हाय रे? मुस्काट फोडीन," म्हणत केसरीनाथने मुखवटा ओढला. समोर करिष्मा.

"चिडलास काका? शिमग्यात बोललेलं मनावर घ्यायचं न्हाय."

"माळ इकलास का, ते सांग," गर्दीतून कोणीतरी विचारलं. केसरीनाथ पाठ फिरवून निघू लागला. "चिडला, मान गेला," म्हणत तुळशीरामआजाने त्याच्या हातातला पलिता काढून करिष्माला दिला.

तिने होळी पेटवली आणि केसरीनाथच्या नावाने पहिली बोंब मारली. मागून सगळं गाव बोंबलू लागलं. गेल्या वर्षी याच तोंडांनी तिचं गाणं म्हटलं होतं, हे ती विसरली नव्हती. त्यांची पाळी पुढच्या शिमग्यात.