लाउडर, प्लीज

वाल्मीक गजभिये यांचा इंग्रजीचा वर्ग दर रविवारी सकाळी दहाला गाझियाबादेतल्या त्यांच्या कॉलनीच्या हॉलमध्ये भरायचा. गजभिये केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. इंग्रजी ते शाळेत नाही, फायलींत शिकले. विसाव्या वर्षी भंडाऱ्याहून दिल्लीला आले तेव्हा इंग्रजीच्या नावानं आनंदच होता. मग रोज जेवणाच्या सुट्टीत जुन्या साहेबांचे शेरे दहादहा वेळा लिहून काढायचे. त्याचा परिणाम असा झाला की घरात भाजीला मीठ कमी पडलं तरी ताट पुढं सरकवून ते म्हणायचे, "फॉर नेसेसरी ॲक्शन, प्लीज."

वर्गाला यायची ती खात्याच्या परीक्षेला बसणारी मंडळी, बहुतेक विदर्भाकडचीच. आणि वर्गाचा नेम ठरलेला. आधी एकेकानं उभं राहायचं, स्वतःचं नाव सांगायचं, मग वडिलांचं, वडिलांच्या नावाआधी श्री लावून. मागच्या रांगेला ऐकू आलं नाही तर त्यांनी हात वर करून म्हणायचं, "लाउडर, प्लीज." की उभ्या माणसानं पुन्हा पहिल्यापासून. हा नेम वर्षभर, दर रविवारी. पाठ झालं म्हणून सुटका नाही.

त्यांची मुलगी श्रावस्ती नोएडातल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये इंग्रजीच शिकवायची. तिथं सगळा कारभार उलटा. पुस्तक नाही, पाठांतर नाही, भाषांतर तर नाहीच नाही. चित्रं, खेळ, लुटुपुटीचं दुकान, लुटुपुटीचा इंटरव्ह्यू. चुका, पण बोला. आणि खरं सांगायचं तर पोरं बोलायचीही. पद्धतीत काही वाईट नव्हतं. वाईट होती ती तिच्याबरोबर आलेली मिजास. बाबांचा वर्ग म्हटला की श्रावस्ती नाक मुरडायची.

एकदा बाबाच म्हणाले, "श्रावस्ती, तू आता यातली जाणकार. एक दिवस माझा वर्ग बघ. रेकॉर्डच कर ना, म्हणजे निवांत बघता येईल. कुठं चुकतो ते सांग. अजून सुधारता येईल, बिल्कुल येईल."

त्या रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. श्रावस्तीनं फोन खिडकीत टेकवून ठेवला. त्या दिवशी सगळ्यात जास्त घोळ झाला तो कुमुद मेश्रामचा. कुमुद पन्नाशीची. नवरा गेल्यावर त्याच्या जागी ऑफिसात शिपायाच्या कामावर लागलेली. उभी राहिली आणि पदराशी चाळा करत पुटपुटली. मागून आवाज आला, "लाउडर, प्लीज." पुन्हा पुटपुटली. पुन्हा "लाउडर, प्लीज." चौथ्या वेळी मात्र तिनं डोळे गच्च मिटले आणि ओरडलीच, "आय ॲम कुमुद मेश्राम! डॉटर ऑफ श्री तुकडू रामटेके!" वर्गानं टाळ्या वाजवल्या. बाबांनी तर सगळ्यात जोरात.

पुढच्याच आठवड्यात इन्स्टिट्यूटमध्ये हेड ट्रेनर निवडायची होती. प्रत्येकानं आपली पद्धत सादर करायची होती. श्रावस्तीला वाटलं, आधी जुनं दाखवावं, म्हणजे नवं उठून दिसेल. तिनं त्या रेकॉर्डिंगमधून बाबांचा चेहरा कापला. फळा, आवाज आणि कुमुद एवढंच ठेवलं. चौथ्या वेळच्या टाळ्याही कापल्या.

सादरीकरणात पडद्यावर कुमुद ओरडली आणि सगळी खोली हसली. श्रावस्तीही हसली. तिनं वर आणखी मीठमसाला लावला, "जगात कुठे कोणी बापाचं नाव सांगून ओळख करून देतं? हे इंग्रजी नाही, हा सरकारी फॉर्म आहे." हे तिनं अर्थातच सफाईदार इंग्रजीत म्हटलं.

डायरेक्टर नीरजा मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "कहाँ मिला ये नमूना, यार? कौन हैं ये मास्टरजी?"

एक क्षण होता. तेवढ्यात जे सांगायचं ते सांगता आलं असतं.

"पता नहीं, मैम," श्रावस्ती म्हणाली. "इंटरनेट पे मिला."

जागा तिलाच मिळाली. बाबांना इतका आनंद झाला की ते स्वतः जाऊन पेढे घेऊन आले आणि रविवारी वर्गात वाटले. कुमुदनं पेढा कपाळाला लावून खाल्ला आणि श्रावस्तीच्या डोक्यावर हात ठेवला. श्रावस्तीला तो हात जड वाटला, पण नव्या जबाबदारीत असं होतंच, अशी तिनं मनाची समजूत घातली. माणूस स्वतःला काहीही पटवू शकतो.

आठवड्याभरानं इन्स्टिट्यूटनं ते सादरीकरण आपल्या पेजवर टाकलं. पुढच्या रविवारी कुमुद आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गजभिये तब्येत विचारायला तिच्या घरी गेले आणि तासाभरानं परत आले. श्रावस्ती चहा घेऊन बाहेर आली तर ते चपला न काढता दारातल्या खुर्चीवर बसलेले.

"कुमुदबाईंच्या मुलीनं दाखवलं," ते म्हणाले. "तुझा व्हिडिओ."

श्रावस्तीनं हातातला कप खाली ठेवला. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं.

"तो माझा आवाज आहे हे मॅडमना सांगितलं नाहीस ना?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"अच्छा. बरं केलंस. तुझी अडचण झाली असती."

श्रावस्तीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस स्वतःची लाज काढणाऱ्या पोरीची लाज राखत होता.

"बाबा, मी..."

"नाही, तुझं म्हणणंही खरं आहे. अशी ओळख कुणी करून देत नाही. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं." ते वाकून चपला काढू लागले. "तुझ्या आजोबांना गावात सगळे लहान्या म्हणायचे. दहा वर्षांची पोरंही. ए लहान्या, इकडं ये. मी नोकरीचा फॉर्म भरला तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या नावाआधी श्री लागला. श्री लहानू गजभिये. आमच्या वर्गातल्या बहुतेकांच्या बापाला कुणी श्री म्हटलेलं नाही. म्हणून पहिलं वाक्य तेच. मोठ्यानं. बाकी इंग्रजी काय, मागून येतं." मग त्यांनी विचारलं, "बाकीच्या चुका काढल्यास का? की तेवढाच तुकडा बघितलास?"

तेवढाच बघितला होता. कापून दाखवायला तेवढाच लागणार होता.

सोमवारी तिनं नीरजा मॅडमना व्हिडिओ काढायला सांगितलं. त्यांनी काढला, पण कारण विचारलं नाही, आणि श्रावस्तीनं सांगितलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. संध्याकाळी ती कुमुदच्या दारात जाऊन उभी राहिली. कुमुदनं पाणी दिलं, बसायला सांगितलं, मुलीला आत पाठवलं. श्रावस्तीनं माफी मागितली. कुमुद ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "माझं काही नाही, मॅडम. माझ्या वडिलांच्या नावावर हसले हो लोक."

रविवारी श्रावस्तीनं फोन पुन्हा त्याच खिडकीत टेकवला. या वेळचा व्हिडिओ न कापता इन्स्टिट्यूटच्या ग्रुपवर जाणार होता, खाली मागचा व्हिडिओ काढल्याच्या कारणासकट. मग ती पुढं न जाता सतरंजीवर शेवटून दुसऱ्या रांगेत बसली. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. दहाला पाच मिनिटं असताना कुमुद आली आणि कुणाकडे न बघता अगदी मागं, भिंतीला टेकून बसली.

एकेक उठत गेला. श्रावस्तीची पाळी आली.

"नेक्स्ट," बाबा म्हणाले, जसे सगळ्यांना म्हणायचे तसे.

ती उभी राहिली. रोज शंभर माणसांना तोंड उघडायला शिकवणारी ही बाई, हिचंच तोंड उघडेना. सगळा वर्ग वाट बघत होता, आणि त्यात हसत कुणीच नव्हतं.

"आय ॲम..." बाबांनी हळूच सुरुवात करून दिली, जशी नव्यांना करून द्यायचे.

"आय ॲम श्रावस्ती गजभिये," ती म्हणाली. "डॉटर ऑफ श्री वाल्मीक गजभिये." शेवटचे शब्द तिचे तिलाच ऐकू आले.

मग मागून, भिंतीपासून एक हात वर झाला.

"लाउडर, प्लीज," कुमुद म्हणाली.